ऑफिस, व्हाया टेकडी

पावसाळ्यात सकाळी पावणेनऊला पौड फाट्याच्या सिग्नलला उभं राहून कधी आजूबाजूला बघितलंय? बघाच एकदा. पुढं पीएमपी, मागं स्कूलबस, डावीकडं खड्डा आणि उजवीकडं खड्डा चुकवणारा. हेल्मेटच्या काचेवर वाफ, रेनकोटच्या आत घामाच्या धारा आणि समोरचा सिग्नल तिसऱ्यांदा लाल. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव... आज किती उशीर?

आता मान जरा वर करा. होर्डिंगच्या मागं, ढगात डोकं खुपसून ती बसलीय. वेताळ टेकडी! पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. एका अंगाला कोथरूड, दुसऱ्या अंगाला पाषाण. आपण सगळे रोज हिला वळसा घालतो. कुणी लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रोड करत युनिव्हर्सिटी चौकात जाऊन अडकतो, कुणी चांदणी चौकातून हायवे पकडतो. युनिव्हर्सिटी चौकातला जुना पूल २०२०मध्ये पाडला. चांदणी चौकातला पूल २०२२च्या ऑक्टोबरमध्ये मध्यरात्री स्फोट करून पाडला, आणि ते बघायला निम्मं पुणं टीव्हीसमोर जागं होतं. तेव्हा वाटलं होतं, सुटलो एकदाचे! हं.

म्हणून मी वरून जाते. सायकलवर. चिखलातून.

थांबा, पान उलटू नका. मी काही फिटनेस फ्रीक वगैरे नाही. मॅरेथॉनचा बिब माझ्या कपाटात नाही आणि सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू मला जात नाही. मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे 'ऑफिस नाही, मजा आहे' असं शेजारच्या काकूंना वाटतं. प्रत्यक्षात आठवड्यातले तीन दिवस बाणेरच्या एका ऑफिसात बसून दुसऱ्यांची इंग्रजी-मराठी कॉपी दुरुस्त करते आणि त्यातून माझं घरभाडं निघतं. तिथं सकाळी दहाला मीटिंग असते. स्कूटरनं कधी ३५ मिनिटं लागायची, कधी सव्वा तास. टेकडीवरून सायकलनं ५० मिनिटं लागतात. पाऊस असो, गणपतीचा मांडव असो, कुणा व्हीआयपीचा दौरा असो, ५०च. आपल्या शहरात वेळेचा अंदाज बरोबर येणं ही केवढी मोठी चैन आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

रूट सोपा आहे. पौड रोडवरून एआरएआयचा चढ घ्यायचा. हा डांबरी, पण खडा. पहिल्या आठवड्यात मी इथं सायकल ढकलत न्यायचे आणि मॉर्निंग वॉकच्या आज्या मला ओव्हरटेक करायच्या. मग वर टेकडीवरची पायवाट. ग्लिरिसिडियाची झाडी, दगडाची जुनी खाण, तिच्यात साठलेलं पाणी, माथ्यावर वेताळबाबाचं देऊळ. तिथून उतार पंचवटीकडं, खाली पाषाण रोड, अभिमानश्रीतून बाणेर रोड. सगळं मिळून नऊएक किलोमीटर. त्यातलं कच्चं जेमतेम अडीच. पण जे काही घडतं ते या अडीच किलोमीटरमध्येच!

आता मुद्द्याचा विषय. चिखल.

चिखल म्हणजे चिखल, असं आपल्याला वाटतं. अजिबात नाही बॉस. टेकडीवर निदान तीन तऱ्हा आहेत. एक मुरमाचा. मुरूम म्हणजे आपल्या काळ्या दगडाचाच झिजलेला चुरा. पाऊस पडला की पाणी त्यातून खाली जातं, वर राहतो ओला, खरखरीत थर. चाकाला पकड मस्त, फक्त खडे पाठीवर उडतात. दुसरी, काळी माती. ही जिथं सपाटी आहे, जिथं वरून वाहून आलेला गाळ साचतो, तिथं असते. ही पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना हे शिकवायला नको. सायकलवाल्यासाठी ही म्हणजे फेविकॉल. चाकाच्या दोन फेऱ्यांत टायर दुप्पट जाड होतो, चौथ्या फेरीत चिखल फोर्कमध्ये जाऊन बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काय, उतरा, काटकी शोधा आणि खरवडा. तिसरी तऱ्हा दिसायला चिखल नाहीच. खाणीजवळचे सपाट, गुळगुळीत दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. त्यांच्यावर पावसाळ्यात शेवाळं धरतं आणि वरून हलकासा गाळाचा थर. लोक काळ्या मातीला घाबरतात, पण माझ्या मते खरी व्हिलन हीच. काळी माती थांबवते. शेवाळं थेट पाडतं.

म्हणूनच इथं माउंटन बाइकला पर्याय नाही. सॉरी, पण मॉलमधल्या फ्लोअरवर उभी असलेली ती बारीक टायरची हायब्रिड इथं चालणार नाही. मजा म्हणजे माउंटन बाइक जन्मालाच आली ती उतारावरच्या टाइमपासमधून. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत सत्तरच्या दशकात काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर चढवायची आणि मातीच्या रस्त्यानं सुसाट खाली यायची. १९७६मध्ये त्यांनी रेसच लावली. नाव 'रीपॅक'. कारण उतारभर ब्रेक दाबून मागच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं! त्यांच्यातल्याच जो ब्रीझनं १९७७मध्ये खास या कामासाठी पहिली फ्रेम बनवली. आपल्याकडं हा फंडा आला तो हीरोच्या रेंजरच्या रूपानं. जाड टायर, सरळ हँडल. माझ्या मावसभावाकडं होती. तो ती घेऊन फक्त क्लासला जायचा, तेही मुलींच्या क्लाससमोरून. डोंगर बिचारीनं कधी पाहिलाच नाही.

माझी सायकल सेकंड हँड आहे, १४ हजारांना घेतलेली. पुढं सस्पेन्शन, मागं काही नाही, दोन्हीकडं डिस्क ब्रेक. चिखलात डिस्क हवेतच, कारण जुन्या पद्धतीचे रिमला धरणारे ब्रेक असले की चिखल आधी तिथंच तुंबतो आणि वर रबराबरोबर रिमही घासून जाते. टायर सव्वादोन इंच रुंद, त्यांचे गठ्ठे एकमेकांपासून लांब, म्हणजे मधली माती फिरता फिरता झडते. हवा मुद्दाम कमी. रस्त्यासाठी ४५ पीएसआय चालेल, टेकडीसाठी मी ३०च्या आत ठेवते. टायर जरासा पसरतो आणि जमीन धरतो. फार कमी केलीत तर मात्र दगडावर ट्यूब चिमटते आणि पंक्चर! तेही दोन भोकांचं.

चालवायची कशी? सीटवर बसून. उभं राहून पेडल मारलंत की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागच्या जागी गरगरतं. गिअर हलका, पाय गोल आणि संथ, जणू वरणात रवी फिरवताय. नजर चार-पाच मीटर पुढं. जिथं बघाल तिथं सायकल जाते, हे खरंच आहे. खड्ड्याकडं बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल. शेवाळलेल्या दगडावर मात्र काहीच करायचं नाही. ब्रेक नाही, वळण नाही, पेडल नाही. दगडाच्या आधी वेग कमी करायचा आणि सरळ सरकू द्यायचं. झाडाची ओली मुळं आडवी आली तर काटकोनात ओलांडायची. आणि आभाळ गडगडत असेल तर टेकडीचा विचारसुद्धा करायचा नाही. जुलै-ऑगस्टच्या रिपरिपीत विजा क्वचित, पण जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात त्या असतातच, आणि उघड्या माथ्यावर आपण सगळ्यात उंच लोखंडी वस्तूवर बसलेलो असतो.

इथवर सगळं थ्रिल. पण गेल्या पावसाळ्यात एका काकांनी मला अडवलं.

सत्तरीचे असतील. हातात दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. टेकडीवर नेहमी जाणाऱ्यांना ही जमात माहीत आहे. उन्हाळाभर स्वतःच्या घरून पाणी वाहून आणतात आणि एकेका रोपाला घालतात. पावसाळ्यात पाणी घालायची गरज नसते, पण यांच्या बाटल्यांत बिया होत्या.

"काय गं मुली, रोज जातेस का इथनं?"

"आठवड्यातून तीनदा, काका. ऑफिसला."

"ऑफिसला?" त्यांनी माझ्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडं बघितलं. "हे बघ इकडं."

पायवाटेच्या मधोमध एक चर पडला होता. वीतभर खोल. त्यातून पाणी धावत होतं, तांबूस-काळं, माती घेऊन. "ही तुमच्या चाकांची मेहेरबानी," काका म्हणाले. "ओल्या मातीत चाक रुतलं की रेघ पडते. पाण्याला रेघच हवी असते. दोन पावसांत त्याची नाळ होते आणि वरची माती खाली पाषाणच्या नाल्यात. इथं माती आहे किती? चार बोटं. ती तयार व्हायला किती वर्षं लागतात ठाऊक आहे?"

मी म्हटलं, काका, मी या वाटेनं येतच नाही, मी पलीकडच्या मुरमावरून जाते. आणि डबकं चुकवायला चालणारे कडेकडेनं जातात, त्यानं वाट एक मीटरची तीन मीटर होते, त्याचं काय? तिथलं गवत कोण तुडवतं? शिवाय हा चर मोटरसायकलचासुद्धा असू शकतो.

"असू शकतो," काका म्हणाले. "पण मोटरसायकलवाला थांबून माझं ऐकत नाही. तू थांबलीस, म्हणून तुला सांगतोय."

यावर काय बोलणार?

आमचं भांडण पंधरा मिनिटं चाललं. मीटिंगला मला उशीर झाला, तो ५० मिनिटांचा रेकॉर्ड मोडला एकदाचा. काकांचं म्हणणं सरळ होतं, चार महिने सायकली बंद. माझं म्हणणं, टेकडीवर येणारा प्रत्येक माणूस टेकडीला लागतो. जी जागा रोज वापरात असते तिच्यासाठी माणसं रस्त्यावर येतात, जी फक्त लांबून बघायची असते तिच्यासाठी नाही. एप्रिल २०२३मध्ये बालभारती-पौड फाटा रस्ता आणि बोगद्यांच्या विरोधात पुणेकरांनी मोर्चा काढला, तो एसीत बसून टेकडीचे फोटो लाइक करणाऱ्यांनी नव्हता काढला. त्यात काकांसारखे होते, कुत्री फिरवणारे होते, पक्षी बघणारे होते, आणि सायकलवालेही होते.

पण चराबद्दल काका शंभर टक्के बरोबर आहेत, आणि सायकलवाल्यांना हे मान्य करायला जड जातं. जगभरात चांगल्या माउंटन बाइकवाल्यांचा एक साधा नियम आहे : मागं वळून बघितलं आणि चाकाचा खोल ठसा दिसला, तर आज ही वाट तुमची नाही. परत फिरा. दुसरा नियम, डबकं आलं तर त्याच्या मधून जायचं, कडेनं नवी वाट पाडायची नाही. तिसरा, चालणाऱ्याला वाट द्यायची. घंटी वाजवून त्याला बाजूला करायचं नाही, आपण पाय टेकवून थांबायचं. आणि वन खात्याचं गेट किंवा पाटी जे सांगेल ते शेवटचं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रविवारी 'एपिक मड राइड'चे फोटो पडतात, काळ्या मातीत रुतलेली चाकं, वर दहा बदाम. मला ते फोटो बघून हल्ली काकांच्या बाटल्या आठवतात.

आमचं शेवटी असं ठरलं : दोन दिवस सलग जोराचा पाऊस झाला असेल तर मी डांबरी रस्त्यानं जायचं. एरवी मुरमाची वाट, आणि काळ्या मातीचा जो पन्नासेक मीटरचा पट्टा मध्ये येतो तिथं उतरून, सायकल खांद्यावर. हो, खांद्यावर! १४ किलो. काकांना हे पूर्ण पटलेलं नाही. भेटले की अजून 'काय, उतरतेस ना?' विचारतात. मी उतरते. कधीकधी ते कुठं झाडाआड उभे असतील या भीतीनंही उतरते.

तुम्ही विचाराल, सरळ रस्त्यानंच सायकल का नाही चालवत? छान प्रश्न. २००६च्या सुमाराला बीआरटीबरोबर सायकल ट्रॅक आले, त्यांच्यावर आज काय काय उभं असतं ते तुम्हीच बघा. २०१७मध्ये महापालिकेनं अख्ख्या शहराचा सायकल आराखडा केला. त्याच सुमाराला अॅपवर मिळणाऱ्या रंगीबेरंगी शेअरिंगच्या सायकली आल्या, दोनेक वर्षं दिसल्या आणि गेल्या. सायकलींचं शहर म्हणून आपण कॉलर ताठ करतो, पण पावसात सेनापती बापट रोडवर सायकल चालवताना बसचं मागचं चाक कोपरापासून वीतभर अंतरावरून जातं, तेव्हा कॉलर वगैरे काही आठवत नाही. टेकडीवर पडले तर कोपर सोलतं. मी दोनदा सोलून घेतलंय. रस्त्यावर पडण्याचा विचार आई मला करू देत नाही आणि मीही करत नाही.

अर्थात संध्याकाळी मी रस्त्यानंच येते. सकाळी आठला टेकडी म्हणजे जत्रा असते, संध्याकाळी सातनंतर नाही. अंधार, ओले दगड आणि एकटी मुलगी. यावर मला कुणाचं 'घाबरतेस काय!' ऐकायचं नाही. लाल ब्लिंकर लावायचा, फुटपाथच्या कडेनं सावकाश घरी. उशीर झाला तर चालेल, घरी मीटिंग नसते.

राहता राहिला लाखमोलाचा प्रश्न. ऑफिसात कशी जातेस गं त्या अवतारात?

तर ऐका. सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी, तिच्यात कपडे. हजारो रुपयांच्या वॉटरप्रूफ बॅगा मिळतात, पण ही पिशवी त्यांच्या बापाला ऐकत नाही. सायकलवर नायलॉनची, झटकन वाळणारी हाफ पँट, कारण ओली जीन्स म्हणजे पायाला बांधलेली पोती. पाँचो नको, वाऱ्यानं शीड होतं. बाकी रेनकोट कितीही भारी घ्या, आतून घामानं भिजायचं की बाहेरून पावसानं, एवढाच चॉइस. मी बाहेरून निवडते. लॅपटॉप आदल्या दिवशी ऑफिसातच. बूट आणि एक कोरडा कुर्ता कायम ड्रॉवरमध्ये. बाथरूममध्ये बादली, मग, टॉवेल आणि दहा मिनिटं. पहिल्या महिन्यात सगळे 'शी!' म्हणायचे, आता अकाउंट्सची मुलगी स्वतःहून ड्रायर आणून देते.

सायकलचं मात्र घरी गेल्यावर लगेच बघावं लागतं. जोराच्या पाइपनं धुवायची नाही, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि महिन्याभरात चाकं कुरकुरायला लागतात. मगनं पाणी, जुना टूथब्रश, चेन फडक्यानं कोरडी, मग तेलाचे थेंब. तेल ओल्यासाठीचं, घट्ट. ब्रेकच्या डिस्कवर थेंबसुद्धा उडता कामा नये. वीस मिनिटं जातात. कंटाळा येतो. केलं नाही तर पुढच्या वेळी एआरएआयच्या चढावर चेन तुटते आणि मिस्त्री 'मॅडम, धुता का नाही?' म्हणत वर दोन वाक्यं ऐकवतो, ती वेगळी.

बाणेरला आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये २०० गाड्यांची जागा आहे आणि सायकलची एकही नाही. सिक्युरिटीचे मामा भले आहेत. त्यांनी जनरेटरच्या मागं, नळापाशी कोपरा दिलाय, अट एवढीच की लॉबीच्या फरशीवर चाकाचा डाग दिसता कामा नये. आता त्या कोपऱ्यात माझ्या शेजारी आणखी तीन सायकली असतात. तिघं डांबरीवाले आहेत, टेकडीचं नाव काढलं की हसतात. जूनमध्ये आम्ही चौघांनी मिळून बिल्डिंगच्या मॅनेजमेंटला अर्ज दिला. एक स्टँड आणि एक शॉवर, बस्स. 'पुढच्या मीटिंगमध्ये ठेवतो' असं उत्तर आलंय. मीटिंग ऑक्टोबरमध्ये आहे. तोवर चिखल संपून धूळ आणि बाभळीचे काटे सुरू झालेले असतील, म्हणून मी पंक्चरचं सामान आत्ताच मागवून ठेवलंय.